मुद्देमालातून उगवलेले गवत

भाऊसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते तीन माणसांचे बोलणे एकाच वेळी ऐकत होते, आणि त्यांतल्या एकाचेही त्यांना धड कळत नव्हते.

मी सिन्नरकडचा. जंगल खात्यात कारकुनाची जागा मिळाली म्हणून दोंडाईच्याला आगगाडीतून उतरलो, बैलगाडीने सारंगखेड्याला आलो, नावेतून तापी ओलांडली आणि शहाद्याला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगराच्या पायथ्याच्या कचेरीत पोचलो. तोरणमाळची चढण जिथे सुरू होते, त्याच्या थोडी अलीकडे ही कचेरी होती. ओसरीवर डोंगरातल्या पावरा जमातीतले एक म्हातारे गृहस्थ आपल्या बोलीत काही सांगत होते, झिपरू नावाचे गार्ड ते अहिराणीत उलगडत होते आणि कडेला उभे असलेले एक दुकानदार दोघांनाही गुजरातीत दुरुस्त करीत होते. खुर्चीवर बसलेल्या खाकी कोटातल्या साहेबांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हटले, "नवे कारकून ना तुम्ही? बसा, लिहायला घ्या. फक्त एक सांभाळा. जे कळलं नाही, ते कळलं असं लिहू नका."

त्या दिवशी मी अर्धे पान लिहिले. त्यात चार ठिकाणी 'नीट समजले नाही' असे शब्द होते. साहेबांनी ते वाचून खाली सही केली. सरकारी कागदावर असे लिहिता येते हे मला ठाऊक नव्हते, आणि खरे तर आजही मला त्याची खात्री नाही.

हे साहेब म्हणजेच श्री. नथूभाऊ हिराजी पाटील, ज्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघत आहे. ते कळसाडीचे. घरी कापसाची आणि उसाची शेती, भाऊबंद सगळे शेतात. हे एकटेच शिकून खात्यात शिरले, गार्डापासून चढत चढत आमच्या रेंजचे साहेब झाले, आणि मी त्यांच्या हाताखाली निवृत्तीपर्यंत राहिलो. म्हणजे त्यांच्या निवृत्तीपर्यंत. माझी पुढे बरीच वर्षे होती, पण ती सांगण्यासारखी नाहीत.

ग्रंथसमितीच्या चिटणिसांनी मला लिहिले की, भाऊसाहेबांचे कार्य, त्यांची मूल्ये आणि त्यांचा दयाळूपणा अशा क्रमाने लेख यावा. मी तीन वेळा तसा लिहायला बसलो. तिन्ही वेळा दुसऱ्या पानावर गवत आले आणि क्रम मोडला. तेव्हा आता मी गवतापासूनच सुरुवात करतो. त्यातून कार्य कोणते आणि दयाळूपणा कोणता, हे वाचकांनीच ठरवावे. मला ते अजून ठरवता आलेले नाही.

माझ्या नोकरीचे ते दुसरे वर्ष. दिवाळी होऊन गेली होती. एका सकाळी झिपरू गार्डांनी राखीव जंगलातून एका बाईंना धरून आणले. नाव गेंदीबाई, वरच्या पाड्यावरच्या. चाळिशीच्या आत-बाहेरच्या असाव्यात. डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा. राखीव जंगलातले गवत कापण्याची बंदी होती आणि ती मोडली तर पंचनामा करून खटला वर पाठवायचा, असा नियम होता. आम्ही असे पंचनामे नेहमी करीत असू. मी छापील कागद काढला. भाऱ्याचे वजन लिहिले, जागा लिहिली, आणि 'मालाची जात' या रकान्याशी अडलो.

"झिपरू, कोणतं गवत आहे हे?" भाऊसाहेबांनी विचारले.

"गवत शे, साहेब. आजून काय सांगू?"

भाऊसाहेब खुर्चीवरून उठून भाऱ्यापाशी आले. जंगलातली गवते त्यांना तोंडपाठ होती. पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी, तेल काढायचे रोशा. हे त्यांतले एकही नव्हते. पाने आखूड आणि रुंद, बांबूच्या कोवळ्या पानासारखी, आणि प्रत्येक पानावर वाऱ्याने पाण्यावर उठाव्यात तशा सुरकुत्या. काड्या नाजूक, जमिनीवर सरपटणाऱ्या, प्रत्येक पेऱ्याला मुळे फुटलेली. वर बारीक जांभळट तुरे, आणि ते हाताला चिकटत होते. गेंदीबाईंच्या लुगड्याचा काठ त्यांनी भरून गेला होता. थोड्या वेळाने माझे धोतरही भरले.

"हे उन्हातलं नाही," भाऊसाहेब म्हणाले. "हे गर्द झाडीखालचं आहे. मी याच्यावरून हजार वेळा चाललो असेन. नाव मात्र माहीत नाही." मग ते गेंदीबाईंकडे वळले. "बाई, याला काय म्हणतात?"

गेंदीबाईंनी भाऱ्याकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, "रेमली."

मग पुढे बरेच काही बोलल्या, आणि त्यात पुन्हा पुन्हा तोच शब्द. रेमली, रेमली. झिपरू गार्डांना पावरांची बोली बेताची येत होती. ते म्हणाले, "ती एकच म्हनी ऱ्हायनी, साहेब. रेमली." पाण्याची घागर घेऊन आलेल्या एका माणसाला नुसता तो शब्द सांगून विचारले, तर तो म्हणाला की असे गवत त्याने ऐकलेले नाही. दुकानदारांना बोलावून तेवढाच शब्द सांगितला, तर ते म्हणाले की हा शब्द 'रमणे'वरून आला असावा. यावर तासभर गेला. मग उपयोग काय, म्हणून विचारले. गेंदीबाईंनी जमिनीवर हात पसरून अंथरल्यासारखे दाखवले आणि परत तोच शब्द. म्हणजे गुरांना अंथरायचे असेल, असे आमच्यात ठरले. माझी लेखणी दौतीत बुडवलेली तशीच होती. मी 'रेमली' असे लिहायला टेकलो, तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, "थांबा. हे नाव आहे हे कशावरून? रकाना कोरा ठेवा."

ऊन डोक्यावर आले तेव्हा त्यांनी ठरवले. "नाव कळेपर्यंत यांना इथे बसवून काय उपयोग? पाडा माहीत आहे. जाऊ द्या यांना." नियमाप्रमाणे माल जप्त करायचा होता. त्यांनी मूठभर गवत नमुना म्हणून ठेवून घेतले आणि बाकी भारा 'नाशवंत' म्हणून परत दिला. विळा मात्र जप्त करावाच लागला. गेंदीबाईंनी विळा टेबलावर ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. ज्वारीची कापणी तोंडावर आली होती, हे शेतकऱ्याच्या घरच्या भाऊसाहेबांना ताबडतोब समजले. ते आत गेले आणि कळसाडीहून आणलेला स्वतःचा विळा घेऊन बाहेर आले.

"सरकारचा विळा सरकारकडे राहू दे," ते म्हणाले. "हा माझा. वापरून परत आणून द्या."

गेंदीबाई विळा घेऊन, डोक्यावर भारा ठेवून, जवळजवळ धावत चढणीला लागल्या. इतकी घाई का, हे आम्हांला कळले नाही. मला एवढे आठवते की भाऊसाहेब त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिले होते.

कचेरीच्या मागे तीन जुने आंबे आणि एक जांभूळ होते. त्यांच्याखाली इतकी दाट सावली की उन्हाळ्यातसुद्धा तिथे जमीन ओलसर वाटे, आणि एक पान उगवत नसे. नमुन्याचे गवत मी एका टोपलीत घालून तिथे ठेवले. जप्तीच्या मालाची जबाबदारी माझ्याकडे होती आणि मी ती नीट पाळली नाही. महिन्याभरात टोपली कोणाच्या तरी कोंबड्यांनी उलथवली. मी ते गवत कसेबसे गोळा करून पुन्हा भरले.

वरच्या कचेरीतून विचारणा येऊ लागली. 'मालाची जात कळवावी.' भाऊसाहेब दर वेळी लिहीत, 'चौकशी चालू आहे.' शेवटी त्यांनी नमुना कृषी महाविद्यालयातल्या एका जाणकारांकडे पाठवायला सांगितले. मी टोपलीतून काड्या काढल्या, कागदात बांधल्या आणि धाडल्या. फाल्गुनात उत्तर आले की हे कुसळीचे सामान्य गवत असून गुरे ते आवडीने खातात. खटला आता सरळ पुढे जाणार होता, आणि चाऱ्याचे गवत म्हटल्यावर गेंदीबाईंना शिक्षा निश्चित होती.

भाऊसाहेबांनी पत्र दोनदा वाचले. मग माझ्यासमोर टोपली आणवली. मी जे कोंबड्यांच्या पायांखालून गोळा केले होते, त्यात छपराच्या शाकारणीची कुसळी मिसळली होती आणि नेमकी तीच मी पाठवली होती. नोकरी गेली असेच मला वाटले. भाऊसाहेबांनी कागद ओढला आणि स्वतःच्या हाताने वरती लिहिले की, नमुना पाठवण्यात चूक झाली असून ती माझी आहे. 'माझी' म्हणजे त्यांची. मी म्हणालो, "भाऊसाहेब, टोपली माझ्या ताब्यात होती." ते म्हणाले, "आणि तुम्ही माझ्या ताब्यात." त्या उन्हाळ्यात त्यांची एक पगारवाढ थांबली. त्याच उन्हाळ्यात मला हिवतापाने धरले, तेव्हा त्यांनी मला गाडीत घालून कळसाडीला आपल्या घरी पाठवले, आणि तुळसावहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मला मुगाच्या खिचडीवर दीड महिना सांभाळले. चिटणिसांना दयाळूपणाचा दाखला हवा असेल तर हा घ्यावा. यात तरी मला संशय नाही.

आषाढात मी कचेरीत परतलो. भाऊसाहेब मागच्या बाजूला आंब्याखाली जमिनीवर पालथे पडून काही पाहत होते. मी घाबरून धावलो. त्यांनी हात वर करून मला थांबवले.

"पाय जपून टाका," ते म्हणाले. "मुद्देमाल उगवलाय."

पडलेल्या आंब्याच्या पानांमधून, बोटाच्या पेराएवढी, सुरकुतलेल्या पानांची रोपे वर आली होती. जिथे टोपली उलथली होती तिथून ती जांभळापर्यंत पसरली होती. उन्हाची तिरीप जिथे पडत होती तिथे एकही नव्हते. भाद्रपदापर्यंत सगळी सावली हिरवी झाली. आंब्याखाली बसले की खाली गार, मऊ, आणि पावसाचा चिखल कोठेही नाही.

भाऊसाहेबांनी वर लिहिले की मुद्देमाल जिवंत असून समक्ष पाहावा. उघडीप झाली तशी डिव्हिजनचे साहेब घोडीवरून आले. घोडी सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारातली, मोठी देखणी होती. भाऊसाहेबांनी दाखवले की हे गवत सावलीतच येते, म्हणून ही कुसळी नव्हे. मग म्हणाले, हे गुरे खात नाहीत, म्हणून हा चाराही नव्हे. कचेरीचे दोन बैल आणवले. त्यांनी हुंगून मान फिरवली. साहेब मान डोलावू लागले. इतक्यात मागे बांधलेली त्यांची घोडी दोर ताणून पुढे आली आणि मुद्देमाल खाऊ लागली. अगदी चवीने खाऊ लागली.

साहेबांनी घोडीकडे पाहिले, बैलांकडे पाहिले, भाऊसाहेबांकडे पाहिले. मग म्हणाले, "पाटील, हे काय आहे ते तुम्हांला माहीत आहे का?"

"नाही, साहेब."

"मलाही नाही," साहेब म्हणाले आणि घोडीवर बसले. पंधरवड्यात हुकूम आला. मालाची ओळख पटत नसल्याने खटला काढून टाकण्यात येत आहे, विळा परत द्यावा आणि मुद्देमाल नष्ट करावा. गेंदीबाई येऊन आपला विळा घेऊन गेल्या आणि भाऊसाहेबांचा परत देऊन गेल्या. दोघांत काही बोलणे झाले नाही.

आता 'नष्ट करावा' याचे काय झाले, ते सांगतो, कारण माझा खरा गोंधळ इथून सुरू होतो. भाऊसाहेब हुकूम मोडणारे नव्हते. दिवाळीनंतर, तुरे वाळून बी गळून पडले तेव्हा त्यांनी दोन पंच बोलावले आणि वाळलेली प्रत्येक काडी स्वतःच्या हाताने उपटली. पाने झाडू दिली नाहीत. 'पाला मुद्देमालात येत नाही,' म्हणाले. मग 'हुकमाप्रमाणे नष्ट केला' असा अहवाल गेला. पुढच्या आषाढात गवत दुप्पट उगवले. त्यांनी वर लिहिले, 'नष्ट केलेला मुद्देमाल पुन्हा उगवला आहे. आदेश व्हावेत.' उत्तर आले, पुन्हा नष्ट करावा. त्यांनी पुन्हा दिवाळीनंतर नष्ट केला. असे चार वर्षे चालले. पाचव्या वर्षी वरून आले की या विषयावर यापुढे लिहू नये.

मी एकदा धीर करून विचारले, "भाऊसाहेब, भाद्रपदात उपटलं तर बी पडणार नाही आणि ते संपेल. आपण दिवाळीची वाट का पाहता?"

"भाद्रपदात चिखल असतो," ते म्हणाले.

आता वाचकहो, त्या गवताखाली चिखल नसे हे मी वर लिहिलेच आहे. मी यावर पुढे काय विचारणार?

भाऊसाहेब निवृत्त होऊन कळसाडीला गेले, त्या दिवशी त्यांच्या कोटाच्या बाह्यांना कोपरापर्यंत ते चिकट तुरे लागलेले होते. "सरकारी माल जातोय की काय माझ्यासोबत?" त्यांनी मला विचारले. मी म्हणालो, "कोट आपला, साहेब." घराच्या मागे त्यांची जुनी आमराई होती, चिंच आणि आंबे मिळून दहा-बारा झाडे, खाली उघडी जमीन. तिथे त्यांनी ते बी पेरायचे ठरवले. गावाने त्यांची थट्टा केली. शेजारचे एक शेतकरी मला म्हणाले, "आमीन निंदी निंदी मरी ऱ्हायनूत, आन भाऊ गवत पेरी ऱ्हायनात!"

भाऊसाहेबांनी शेतकऱ्याला शोभेल अशी सगळी मेहनत केली. जमीन खणली, शेणखत घातले, मोटेचे पाणी सोडले. काही उगवले नाही. दुसऱ्या वर्षी तेच. त्या वर्षी मी मुद्दाम माझ्या कचेरीतून पिशवीभर बी त्यांना नेऊन दिले. तिसऱ्या वर्षी थोडी रोपे आली आणि खताच्या उष्णतेने की पाण्याने, कुजून गेली. घरात त्या गवताला 'रेमली' म्हणू लागले होते. कागदावर त्यांनी ते नाव कधी लिहिले नाही, पण घरात काहीतरी म्हणायला हवेच. तुळसावहिनी दारात उभ्या राहून म्हणत, "औंदा बी रेमली उगनी नई."

त्याच साली कापसाच्या वेचणीला डोंगरावरून माणसे उतरली. मी रजेवर कळसाडीलाच होतो. पाणी प्यायला काही बायका आमराईत आल्या, आणि त्यांत गेंदीबाई होत्या. केस पांढरे झाले होते, पण आम्ही दोघांनीही ओळखले. भाऊसाहेब बाकावरून उठले. इतक्या वर्षांच्या वेचणीने गेंदीबाईंना अहिराणी चांगली येऊ लागली होती. भाऊसाहेबांनी त्यांना उघडी जमीन दाखवली आणि आपली अडचण सांगितली.

गेंदीबाईंनी वाकून माती चाचपली आणि हसल्या. "पाला कथा गया?"

पाला वहिनी रोज सकाळी झाडून टाकीत. स्वच्छ अंगण ही त्यांची गावभर ख्याती होती. गेंदीबाई म्हणाल्या, जंगलात कोण खणतो? कोण झाडतो? कोण पाणी घालतो? पाल्याखाली बी टाका आणि विसरून जा. वहिनींना हे मुळीच पटले नाही. "आंगनमा पाला पडेल दिसना ते लोके काय म्हनतीन?" त्या म्हणाल्या, आणि मग भाऊसाहेबांकडे पाहून, "एवढी मेहनत करी, तरी ती रेमली काही उगनी नई."

गेंदीबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"कोन रेमली?"

"हाई गवत," वहिनी म्हणाल्या. "तुमीनच ना नाव सांगं व्हतं?"

"गवतनं नाव रेमली नई," गेंदीबाई म्हणाल्या. "रेमली मन्ही वहू शे."

वहू म्हणजे सून. मला प्रथम अर्थच लागला नाही. मग हळूहळू, जसे बुडालेले काही वर यावे तसे, कचेरीतली ती सकाळ माझ्यासमोर उभी राहिली. त्या दिवशी पहाटेपासून त्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. पहिलटकरीण. तिच्याखाली अंथरायला मऊ, गार गवत आणायला सासू झाडीत उतरली आणि झिपरू गार्डांच्या हाती लागली. गेंदीबाई सांगत होत्या की रेमली घरी एकटी आहे, हे रेमलीसाठी आहे, मला रेमलीकडे जाऊ द्या. आणि आम्ही चार शहाणी माणसे त्या शब्दाची व्युत्पत्ती शोधत होतो.

"मग?" भाऊसाहेबांनी विचारले. "मग काय झालं?"

गेंदीबाईंनी उत्तर न देता कापसाच्या शेताकडे तोंड करून हाक मारली. ओटीत कापूस भरलेली एक तिशीची, उंच बाई चालत आली. हीच रेमली. सासूने तिला पावरी बोलीत काहीतरी सांगितले. तिने आमच्याकडे पाहिले, उघड्या जमिनीकडे पाहिले, आणि ती हसू लागली. इतकी हसली की तिला खाली बसावे लागले. "माले गवत करी टाकं!" ती म्हणत होती. "माले गवत करी टाकं!" मग डोळे पुसत तिने राहिलेले सांगितले. ऊन डोक्यावर येईपर्यंत ती एकटी होती. ओरडून ओरडून घसा बसला. शेवटी दुसऱ्या टेकाडावरच्या बाईने ऐकले. सासू पोचली तेव्हा मुलगी होऊन गेली होती, उघड्या जमिनीवर. मुलगी जगली. आता ती मोठी झाली आहे आणि आईपेक्षा जास्त कापूस वेचते.

रेमली हसत होती. गेंदीबाई हसत नव्हत्या. भाऊसाहेब त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, मला कळलं नाही तेव्हा."

"तुमीन गवतनं नाव पुसं," गेंदीबाई म्हणाल्या. "घरमा कोन शे, ते कोन्ही पुसं नई." त्यांनी तांब्या उचलला, पाणी प्यायले आणि वेचणीला निघून गेल्या.

त्या दुपारी भाऊसाहेब जेवले नाहीत. संध्याकाळच्या आत त्यांनी मला समोर बसवून खात्याला एक अर्ज सांगितला. अमुक खटल्यात आरोपी स्त्रीने दिलेला जबाब आम्हांस समजला नाही, आणि समजला नाही अशी नोंदही आम्ही केली नाही, गवताचा रकाना कोरा ठेवला पण त्या स्त्रीच्या म्हणण्याला रकानाच दिला नाही, तरी हा कागद मूळ प्रकरणास जोडावा. उत्तर आले की प्रकरण जुने झाल्याने फाडून टाकलेले आहे. भाऊसाहेबांनी अर्जाची प्रत पुढच्या वेचणीला गेंदीबाईंना आणि रेमलीबाईंना अहिराणीत वाचून दाखवली. गेंदीबाईंनी सगळे ऐकून घेतले. त्यांना काय वाटले ते मी सांगू शकत नाही. मला त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच समजले नाही.

आमराईतला पाला मात्र त्या वर्षापासून झाडला गेला नाही. वहिनींनी तुळशीपासून सातव्या पावलावर एक दगड पुरला आणि सांगितले की दगडाच्या अलीकडे त्यांचे अंगण, पलीकडे भाऊंचे जंगल. त्या आषाढात पलीकडे गवत उगवले. आज पावसाळ्यात कोणी कळसाडीला गेले तर चिंचांखालून आंब्यांखाली गेलेली ती हिरवी सावली त्यांना दिसेल. लोक तिला अजून रेमलीच म्हणतात. भाऊसाहेबांनी रेमलीबाईंना विचारले होते की हे नाव बदलू का. त्या म्हणाल्या, राहू द्या, पण दिवाळीनंतर मला उपटताना हळू उपटा.

ही हकीगत ग्रंथात घालू नये, असे चिटणिसांचे मत पडले. पंचाहत्तरीच्या ग्रंथात उणे कशाला, असे ते म्हणाले. मलाही क्षणभर तसे वाटले. मी भाऊसाहेबांना विचारले. ते म्हणाले, "लिहा. नाहीतर तुम्ही भलत्याच माणसाचा सत्कार कराल." म्हणून लिहिले.

तरी माझा प्रश्न सुटलेला नाही. त्या दिवशी दुसरे कोणी साहेब असते तर गेंदीबाईंना तालुक्याला धाडले असते. भाऊसाहेबांनी दुपारी सोडले, भारा परत दिला, स्वतःचा विळा दिला. आणि तरी सकाळपासून दुपारपर्यंत बसवून ठेवलेच. मी हे जमेला धरू की नाही? गवत त्यांनी मुद्दाम वाढू दिले, की हुकूम पाळता पाळता ते आपसूक वाढले? त्यांनी आमराई कशासाठी केली? एकदा ते मला म्हणाले, सावलीतही काही येतं ते पाहावं म्हणून. दुसऱ्यांदा म्हणाले, निवृत्तीत वेळ जात नाही म्हणून. गेल्या महिन्यात मी तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा ते वहिनींना हाक मारून म्हणाले की गोविंदराव, म्हणजे मी, जेवायला थांबताहेत.

भाऊसाहेबांना आता नीट दिसत नाही आणि गुडघे कुरकुरतात, पण बुद्धी पूर्वीसारखीच सावध आहे. ईश्वराने त्यांना आणि तुळसावहिनींना उदंड, निरोगी आयुष्य द्यावे. मी दर पावसाळ्यात कळसाडीला जाईन, त्यांच्याशेजारी बाकावर बसेन आणि तोच प्रश्न पुन्हा विचारीन. भाऊसाहेबांनी उत्तर देण्याची घाई करू नये, एवढीच माझी प्रार्थना आहे.